नाही म्हणायची सोय

(न्हावरे. हौसरावांच्या घराची ओटी.)

हौसराव: समदं झाक हाय मॅडम. तेवढं चौथं प्रकरण काढा, मंजी विषय मिटला.

अनुपमा: काढा म्हणजे काय, हौसराव? तुमच्या वडलांचं चरित्र आहे हे. चौथं प्रकरण काढलं तर तात्याबा तिसऱ्या प्रकरणात पोरसवदा आहेत आणि पाचव्यात एकदम दूध संस्थेचे चेअरमन.

हौसराव: दुधाचं ठेवा की. म्हशी ठेवा, सायकल ठेवा, चांदभाईला बरोबर घिऊन शिरूरला दूध घालायचे त्ये ठेवा. बाई तेवढी काढा.

अनुपमा: म्हशी त्या बाईंच्याच होत्या.

हौसराव: कोण म्हणलं?

अनुपमा: चांदभाई. झुंबरबाईंच्या वडलांनी लग्नात दिल्या होत्या. चांदभाईंनी स्वतः त्या कवठ्याहून न्हावऱ्यापर्यंत चालवत आणल्या.

हौसराव: चांदभाईला सकाळी काय खाल्लं त्ये दुपारी आठवत न्हाई.

अनुपमा: तेव्हाचं सगळं आठवतं. मी दुसऱ्या दोघांकडूनही खात्री करून घेतली. धारा झुंबरबाई काढायच्या, दूध त्या मोजून द्यायच्या, तात्याबा आणि चांदभाई सायकलवर कॅन बांधून जायचे. मूल झालं नाही म्हणून तात्याबांनी पंचांसमोर काडीमोड घेतली आणि त्यांना माहेरी पाठवलं. म्हशी ठेवून घेतल्या. त्याच म्हशींवर तुमची संस्था उभी राहिली.

हौसराव: जरा हळू बोला.

अनुपमा: का?

हौसराव: माझी आई आत पडून हाय. एक अंग गेलंय तिचं, पर ऐकू समदं येतं. तिला काय वाटंल? नवऱ्याच्या पुण्यतिथीला पुस्तक निघणार, आन् त्यात आधी सवतीची गोष्ट.

अनुपमा: सवत नाही. तुमची आई आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

हौसराव: त्ये तुमच्या हिशेबानं. बायामाणसांत तसं नसतंय. मॅडम, एक सांगू का? तुम्हाला हे काम मी का दिलं, ठाव हाय? माझा मेव्हणा दौंडला रेल्वेत हाय. तो म्हणला, रणपिसे गार्डसाहेबांची मुलगी लिहिती. ते लोक काय म्हणत्यात ते... मॉर्मन. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, चहासुदिक न्हाई. खोटं बोलायचं न्हाई. मी म्हणलं, अशीच बाई पायजे.

अनुपमा: आणि आता तिलाच खोटं लिहायला सांगताय.

हौसराव: खोटं कुठं सांगतोय? गप ऱ्हायला सांगतोय.

अनुपमा: एक तर मी आता त्या मंडळीत जात नाही. आणि दुसरं, हे गप राहणं मी फार वेळा केलंय. मागच्या पुस्तकातून भावाभावांतला खटला गाळला. त्याच्या आधी एका शाळेच्या संस्थापकांचं केलं. त्यांच्या धाकट्या भावानं स्वतः विटा वाहून त्या शाळेच्या खोल्या बांधल्या होत्या. तो भाऊच गाळला, अख्खा. फोटोतूनसुद्धा कापला. मी माणसाचं चरित्र लिहून देते, आणि छापून येतं ते सत्काराचं मानपत्र.

हौसराव: मग लोकांना त्येच पायजे असंल.

अनुपमा: असेल. पण वर नाव माझं असतं.

हौसराव: ती बाई हयात तरी हाय का?

अनुपमा: आहे. कवठे येमाईत, तुमच्यापासून लांब नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?

हौसराव: ऐकून होतो. इचारलं न्हाई कधी. तुम्ही भेटला का तिला?

अनुपमा: अजून नाही.

हौसराव: प्रकरण लिहून मोकळ्या झाला, आन् तिला भेटला न्हाई?

अनुपमा: भेटणारच होते.

हौसराव: मग असं करा. जाऊन तिला वाचून दाखवा. ती छापा म्हणली तर मी छापतो. आईचं मी बघतो काय त्ये. न्हाई म्हणली तर काढायचं. मग पुन्हा हा विषय न्हाई.

अनुपमा: शब्द?

हौसराव: तात्याबाचा पोरगा हाय मी. शब्द.

अनुपमा: त्या नाही म्हणणार नाहीत.

हौसराव: हे तुम्हाला काय ठाव?

अनुपमा: कारण आजपर्यंत त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

*

(कवठे येमाई. झुंबरबाईंचं घर, ओसरीवर कांद्याच्या ढिगाजवळ.)

झुंबरबाई: पिशवी उघडू नगंस. काय विकायचं असंल तर सून रानात गेलीया, मला त्यातलं कळत न्हाई.

अनुपमा: विकायला नाही आले, आजी. मी अनुपमा रणपिसे. शिरूरला राहते. पुस्तकं लिहिते, माणसांची चरित्रं. न्हावऱ्याहून आलेय. तात्याबांच्या...

झुंबरबाई: बस. आधी बस. उन्हातनं आलीस. चहा टाकते.

अनुपमा: चहा नको. मी पीत नाही.

झुंबरबाई: उपास हाय?

अनुपमा: नाही. लहानपणापासून घरात चहा नव्हताच. आमचा पंथ तसा होता. मॉर्मन म्हणतात. आम्ही ख्रिस्ती, पण त्यातले वेगळे. वडील सिकंदराबादला ट्रेनिंगला गेले होते, तिथं त्यांना तो पंथ भेटला. मग घरातलं सगळंच बदललं.

झुंबरबाई: मंजी माळ घातल्यावानी?

अनुपमा: तसंच म्हणा.

झुंबरबाई: आन् तुजी हाय का अजून माळ?

अनुपमा: काढली. पण चहा काही जमला नाही.

झुंबरबाई: मग दूध घे. घरचं हाय. आन् हळूहळू पी. तात्याबाचं काय सांगत व्हतीस? त्यो तर मेला.

अनुपमा: त्यांच्यावर पुस्तक निघतंय. त्यात मी तुमच्याबद्दल लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवायला आलेय.

झुंबरबाई: माज्याबद्दल? मग वाच. मी कांदा कापत ऐकते.

अनुपमा: “न्हावऱ्याच्या दुधाचा इतिहास सायकलीपासून सुरू होतो असं सांगतात. तो त्याच्याही आधी, गोठ्यात सुरू होतो. पहाटे उठून धार काढणाऱ्या एका तरुण बाईच्या हातांनी तो सुरू केला. तिचं नाव झुंबरबाई. म्हशी तिच्या माहेरच्या, दूध तिच्या हातचं. तिला मूल झालं नाही, म्हणून एक दिवस पंच बसले...” पुढं वाचू?

झुंबरबाई: समदं वाच.

अनुपमा: “...पंच बसले, काडी मोडली गेली, आणि झुंबरबाई नेसत्या लुगड्यानिशी कवठ्याची वाट चालू लागल्या. म्हशी मागे राहिल्या. संस्थेच्या कार्यालयात आज तात्याबांचा मोठा फोटो आहे. झुंबरबाईंचा फोटो कुठेच नाही.”

झुंबरबाई: झालं?

अनुपमा: अजून आहे, पण मुख्य हेच.

झुंबरबाई: चांगलं लिवलंयस. ऐकताना मलाच माजी कीव आली. फाड आता.

अनुपमा: काय?

झुंबरबाई: फाड म्हणले. चुलीला दिलंस तरी चालंल.

अनुपमा: आजी, काही चुकलंय का त्यात? सांगा, मी दुरुस्त करते.

झुंबरबाई: चुकलं न्हाई. लुगड्याचं तेवढं चुकलं, माजा भाऊ बैलगाडी घिऊन आला व्हता मला न्यायला. बाकी खरं हाय.

अनुपमा: खरं आहे तर मग फाडायचं कशाला?

झुंबरबाई: तू माज्या घरात आलीस. भितीवर फोटू दिसला का?

अनुपमा: टोपीवाले?

झुंबरबाई: सर्जेराव. माजा मालक. माहेरी आले, भाऊ बोलत नव्हता पर भावजयीचं तोंड दिसायचं. मग ह्याचं स्थळ आलं. बायको मेल्याली, पदराला धरून चालणारी पोर. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायचा. म्होतूर लावलं आमचं, दोघांचंबी दुसरं लगीन. पुढं मला लेक झाला. मंजी मी वांझ नव्हते, हे तू लिवलंच न्हाई.

अनुपमा: मला माहीत नव्हतं. आजी, हे तर यायलाच पाहिजे. हे आलं तर सगळं प्रकरणच...

झुंबरबाई: गप. मी तुला लिवायला न्हाई सांगितलं, समजायला सांगितलं. ह्या गावात मला सर्जेरावाची झुंबर म्हंत्यात. पोरीची आय, पोराची आय. न्हावऱ्याची गोष्ट म्हाताऱ्यांना ठाव व्हती, ती म्हातारी मेली. सुनंला ठाव न्हाई. नातवांना न्हाई. आन् तू पुस्तकात छापून मला परत तात्याबाच्या दारात नेऊन बसवणार.

अनुपमा: दारात नाही. ज्या जागी तुम्ही असायला पाहिजे होतं तिथं.

झुंबरबाई: कोण म्हणलं मी तिथं असायला पायजे व्हतं? काडी मोडली तवा मी रडले. पर आत कुठंतरी सुटलेबी. तुला काय ठाव त्यो माणूस घरात कसा व्हता.

अनुपमा: मग तेच सांगा मला.

झुंबरबाई: न्हाई.

अनुपमा: नाव बदलते मी. गाव बदलते.

झुंबरबाई: नाव बदललं, गाव बदललं, मग ती कोण? आन् कुणासाठी लिवतीस मग?

अनुपमा: आजी, तुमच्यावर अन्याय झालाय.

झुंबरबाई: झालाय की. त्यो माज्यावर झाला. तू का चिडतीस?

अनुपमा: चिडणार नाही तर काय? त्या पुस्तकात लिहिलं जाईल की तात्याबांनी एकट्यानं सगळं उभं केलं. पोरं ते शाळेत वाचतील. मंत्री येऊन भाषण करतील.

झुंबरबाई: करू दे. मेल्याला मोठं केलं काय न् ल्हान केलं काय.

अनुपमा: आणि म्हशी? तुमच्या वडलांच्या म्हशी?

झुंबरबाई: म्हशी कवाच मेल्या बाई.

अनुपमा: हे बघा, खरं सांगू का? मला तुमची परवानगी लागतच नाही. तात्याबा चेअरमन होते, चार लोकांतला माणूस. त्यांचं लग्न काही लपवून ठेवायची गोष्ट नाही. कोणीही लिहू शकतं.

झुंबरबाई: मग तू कशाला आलीस? दूध प्यायला?

(झुंबरबाई पुढचा कांदा विळ्यावर धरतात.)

अनुपमा: चुकलं माझं बोलायला.

झुंबरबाई: जा आता. शेवटची एसटी गेली तर अडकशील. आन् हौसरावला सांग, त्याच्या आयेला बरं वाटू दे म्हणले मी. तिलाबी बापानंच दिली व्हती, तिनं काय इचारून केलं न्हवतं.

*

(दौंड. रेल्वे कॉलनीमागचं घर, रविवार दुपार.)

पप्पा: मग? दूध प्यायलीस की तसंच ठेवून आलीस?

अनुपमा: प्यायले. तुम्हाला हसू येतंय, पप्पा.

पप्पा: हसत नाही. बाई आवडली मला.

अनुपमा: मलाही आवडली, तोच तर वैताग आहे. हौसरावांना फोन करून सांगितलं. एवढे खूश झाले की मला म्हणाले, मॅडम, तुम्ही शब्दाच्या पक्क्या. प्रकरण गेलं. मी म्हटलं, मग माझंही नाव काढा पुस्तकावरून. तर म्हणे निमंत्रणपत्रिका छापून झाल्या.

पप्पा: तू जेवलीस का?

अनुपमा: तुमचा आज उपासाचा रविवार ना? मी एकटी काय जेवू?

पप्पा: माझा उपास तुझ्यासाठी नाही. भाकरी झाकून ठेवलीय.

अनुपमा: सकाळी कोण कोण होतं प्रार्थनेला?

पप्पा: चार खुर्च्या मांडल्या होत्या.

अनुपमा: ते नाही विचारलं मी.

पप्पा: मी होतो. सोलापूरचे एक पाहुणे गाडी बदलायला उतरले होते, ते होते. भाकर मोडली, पाणी घेतलं. पुरे.

अनुपमा: कंटाळा नाही येत?

पप्पा: मालगाडीला गार्डाच्या डब्यात आयुष्य काढलं मी. एकटं बसायची सवय आहे. तू तुझं बोल. का एवढी जळफळतेस? लोकांची चरित्रं याआधीही कापली गेली तुझी.

अनुपमा: ह्या वेळी मी भांडले होते. आणि हे तुम्हीच लावलंत मला. शाळेला सुट्टी लागली की मला शिरूरला मिशनच्या चाळीत नेऊन म्हाताऱ्यांसमोर वंशावळ लिहायला बसवायचात. आजोबांचं नाव काय, पणजीचं काय, बाप्तिस्मा कुठं झाला, लग्न कुणाशी. बाकीच्या पोरी लगोऱ्या खेळायच्या.

पप्पा: तुला आवडायचं.

अनुपमा: आवडायचं. एखादी म्हातारी विसरलेलं नाव आठवून बोलायची ना, तेव्हा अंगावर काटा यायचा. म्हणून तर मला कोणाला गाळलेलं सहन होत नाही. कॉलेजात असताना पुण्याच्या लायब्ररीत वाचलं, आपल्या पंथाच्या संस्थापकांच्या बायका अनेक होत्या. रविवारच्या वर्गात मला एकच शिकवलेली. मी घरी येऊन विचारलं. तुम्ही काय म्हणालात?

पप्पा: प्रार्थना कर म्हणालो.

अनुपमा: केली. उत्तर आलं नाही. मग मी आणखी पुस्तकं आणली.

पप्पा: माझ्याकडेही उत्तर नव्हतं, अनु. असतं तर दिलं असतं. त्यासाठी मंडळी सोडलीस, ते मी समजू शकतो.

अनुपमा: त्यासाठी नाही सोडली. तुम्हाला माहीत आहे कशासाठी सोडली.

पप्पा: माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस.

अनुपमा: काय बोलायचं होतं? आजी तुमच्या तोंडावर म्हणायची, सत्यजीत, माझा बाप्तिस्मा शिरूरच्या मिशनच्या देवळात झालाय, मला दुसरा नको. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाली. आणि ती जाऊन वर्ष उलटलं नाही तोच तुम्ही मेलेल्यांच्या बाप्तिस्म्यासाठी तिचं नाव पाठवलंत. परदेशात कुठल्या तरी मंदिरात एक अनोळखी बाई आजीच्या नावानं पाण्यात उतरली. अनसाबाई रणपिसे. त्या बाईला नाव तरी नीट म्हणता आलं असेल का?

पप्पा: नसेल आलं.

अनुपमा: तुम्ही आजीला विचारलं नाही.

पप्पा: विचारलं होतं. ती नाही म्हणाली होती.

अनुपमा: मग ते तर जास्तच वाईट. तिचं ‘नाही’ ऐकून घेतलंत आणि ती मरायची वाट बघितलीत.

पप्पा: तसं दिसतं खरं.

अनुपमा: दिसतं नाही, तसंच आहे.

पप्पा: एक सांगू? तुला पटू दे, न पटू दे. गाडी स्टेशनातून सुटली की ड्रायव्हर पुढं बघतो. गार्डाला मागं बघावं लागतं, सगळे डबे येतायत ना. आई गेली त्या वर्षी मला सारखं वाटायचं की माझा एक डबा मागं यार्डात राहिलाय. झोप लागायची नाही.

अनुपमा: म्हणजे ते तुमच्यासाठी होतं. तिच्यासाठी नाही.

पप्पा: असेल थोडं माझ्यासाठी. पण आपली शिकवण काय आहे, तुला आठवतंय ना? ते पाणी म्हणजे फक्त दार उघडून ठेवणं. आत यायचं की नाही, ते ज्याचं नाव आहे त्याच्यावर. मेल्यावर तिथं तिला विचारतात. नको म्हणाली, तर तो बाप्तिस्मा काहीच नसतो. तू हे मानत नाहीस. मी मानतो. मी तिला नाही म्हणायची सोय ठेवून नाव पाठवलं. तुझ्या चौथ्या प्रकरणात झुंबरबाईंना ती सोय कुठं होती?

अनुपमा: मी गेले ना त्यांना विचारायला.

पप्पा: हौसरावनं पाठवलं म्हणून. आणि गेलीस ती हो ऐकायला. नाही आलं तर ‘तुमची परवानगी लागतच नाही’ म्हणालीस. तूच सांगितलंस आता.

अनुपमा: हे बरं आहे. मी आयुष्यभर तुमच्यावर रागावले त्या गोष्टीवरून, आणि आज तुम्ही मला त्याच गोष्टीवरून शिकवताय.

पप्पा: शिकवत नाही. मघाशी मीच विचारलं, का एवढी जळफळतेस. मला वाटतं, म्हणून लागलं.

अनुपमा: तुम्ही केलंत ते मला अजूनही पटलेलं नाही.

पप्पा: नको पटू दे.

अनुपमा: मग मी आता काय करायचं? तात्याबांनी एकट्यानं सगळं केलं, हे खाली माझं नाव घालून छापू द्यायचं?

पप्पा: तू लेखिका आहेस. काय लिहिता येईल ते तू बघ.

अनुपमा: तेच बघतेय कालपासून. एक ओळ सुचलीय. “तात्याबांचं आधी एक लग्न झालं होतं. त्या बाई हयात आहेत. त्यांना विचारलं असता, आपल्याविषयी इथे काही लिहू नये, असं त्यांनी सांगितलं.” बस. नाव नाही, गाव नाही, म्हशी नाहीत.

पप्पा: पुन्हा म्हण.

अनुपमा: “त्यांना विचारलं असता, आपल्याविषयी इथे काही लिहू नये, असं त्यांनी सांगितलं.”

पप्पा: चांगलंय. सरळ आहे.

अनुपमा: हौसराव छापणार नाही.

पप्पा: त्याच्याशी तू भांडशीलच. त्याच्या आधी ही ओळ त्या बाईंना दाखव.

अनुपमा: आणि ह्यालाही त्या नाही म्हणाल्या तर?

पप्पा: तर नाही.

अनुपमा: मग माझ्या हातात काय उरतं, पप्पा?

पप्पा: कधी कधी काही उरत नाही. भाकरी खा. गार झाली.

अनुपमा: एक विचारू? तुमच्या शिकवणीप्रमाणे तिकडं आजीला विचारलं असेल, तर ती काय म्हणाली असेल?

पप्पा: नाहीच म्हणाली असेल.

अनुपमा: हे तुम्हाला कधीपासून वाटतं?

पप्पा: नाव पाठवलं तेव्हापासून.

*

(कवठे येमाई. झुंबरबाईंच्या दारात.)

झुंबरबाई: तू परत आलीस व्हय. सून घरात हाय, इथंच बाहेर बोल.

अनुपमा: मी बसत नाही. प्रकरण काढलं, आजी. फाडलंच.

झुंबरबाई: हौसराव काय म्हणला?

अनुपमा: खूश झाला. त्याच्या आईला तुमचा निरोप सांगितला. हौसराव म्हणाला, त्या दिवसभर दाराकडं बघत होत्या.

झुंबरबाई: बघंल की. बिचारीला उठता येत न्हाई.

अनुपमा: एक ओळ लिहिलीय फक्त. तुम्ही हो म्हणालात तर राहील, नाहीतर तीही काढते. ह्या वेळी खरंच विचारतेय.

झुंबरबाई: वाच. हळू वाच.

अनुपमा: “तात्याबांचं आधी एक लग्न झालं होतं. त्या बाई हयात आहेत. त्यांना विचारलं असता, आपल्याविषयी इथे काही लिहू नये, असं त्यांनी सांगितलं.”

झुंबरबाई: माजं नाव न्हाई त्यात?

अनुपमा: नाही.

झुंबरबाई: कवठ्याचं?

अनुपमा: नाही.

झुंबरबाई: मंजी मी न्हाई म्हणले, एवढंच हाय.

अनुपमा: एवढंच.

झुंबरबाई: हौसराव छापतो का पर हे?

अनुपमा: दोन दिवस भांडले त्याच्याशी. मधे छापू देत नाही. तुम्ही हो म्हणालात तर शेवटच्या पानावर छापीन म्हणतो, आभाराच्या खाली, अगदी बारीक अक्षरात.

झुंबरबाई: तिथं वाचंल का कोण?

अनुपमा: खोटं कशाला सांगू? बहुतेक कोणी नाही वाचणार.

झुंबरबाई: मग ऱ्हाऊ दे ती तिथं.